‘नको’ हा शब्द शिकवताना

— तृतीय वर्ष कला (मराठी विशेष)

मराठी घरात मूल रांगू लागले की त्याचे शिक्षण सुरू होते ते धोक्यांपासून. चुलीजवळ गेले की ‘हाऽ आहे’, विळीला हात घातला की ‘बाऊ होईल’, आणि विहिरीच्या काठाशी दिसले की सरळ पाठीत धपाटा. पुढे शाळा सुरू झाली की रस्ता कसा ओलांडावा, अनोळखी माणसाने दिलेला खाऊ का घेऊ नये, हे सांगितले जाते. आग, धार, पाणी, वाहन आणि अनोळखी माणूस या पाच धोक्यांचे शिक्षण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालू आहे. त्यासाठी कोणी अभ्यासक्रम आखला नाही आणि त्याबद्दल कोणी नाकही मुरडले नाही.

परंतु सहावा एक धोका आहे. तो बहुधा ओळखीच्या माणसाकडून येतो, घरात किंवा घराच्या आसपास येतो, आणि त्याच्याविषयी मात्र आपण मुलांशी चकार शब्द काढत नाही. लहान मुलांचे लैंगिक शोषण हा तो धोका होय. त्यापासून स्वतःला जपायला मुलांना कसे शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय वार्षिकांकाला शोभेल का, अशी शंका काही मित्रांनी बोलून दाखवली. त्यांना माझे उत्तर इतकेच की आपल्या वर्गातील निम्मे जण उद्या शिक्षक होणार आहेत, कित्येक जण आजच शिकवण्या घेतात, आणि मामा, काका, आत्या, मावशी तर आपण बहुतेक सगळेच आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामात गेली दोन वर्षे मी दत्तक गावातील अंगणवाड्या आणि प्राथमिक शाळांतून या विषयाची सत्रे घेतली. त्याआधी एका अनुभवी समाजकार्यकर्त्या बाईंनी आम्हा आठ-दहा जणांना तीन दिवस शिकवले. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझा विषय मराठी. तरीही हे धाडस करते आहे, कारण काम करता करता असे ध्यानात आले की यातली पहिली अडचण भाषेचीच आहे.

धोका कोणाकडून?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. आणि ही फक्त मुलींची कहाणी नव्हती. असे सांगणाऱ्यांत निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. अत्याचार करणारी निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची किंवा ज्यांच्यावर मुलाने विश्वास टाकावा अशा नात्यातली होती. पोलिसांपर्यंत पोचलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर ओळखीच्या आरोपींचे प्रमाण वर्षानुवर्षे शंभरात नव्वदहून अधिक असल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दाखवतात.

म्हणजे आपण मुलांना ज्या ‘अनोळखी माणसा’ची भीती घालतो, पोती घेऊन येणाऱ्या ज्या बागुलबुवाचे चित्र रंगवतो, तो या गुन्ह्यात सहसा नसतोच. जो असतो, तो मुलाला नावाने हाक मारणारा असतो. कित्येकदा तो समाजात मान असलेलाही असतो. गोव्यात फ्रेडी पीट्स नावाचा एक इसम मडगावात निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत असे. मुलांचा कनवाळू पालक म्हणून त्याची ख्याती होती. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि १९९६ मध्ये मुलांवरील अत्याचारांबद्दल जन्मठेप झाली. पुढे गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला; देशाचा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी आला.

मग मुले बोलत का नाहीत? रोलंड समिट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८३ मध्ये एका निबंधात याची उकल केली. त्याने पाच पायऱ्या दाखवल्या: गुप्तता, असहायता, अडकून पडणे आणि जुळवून घेणे, उशिरा व अडखळत केलेले कथन, आणि शेवटी घडलेले नाकारणे. पाचवी पायरी मला सर्वांत करुण वाटते. मूल धीर करून सांगते, घरात हलकल्लोळ माजतो, आई रडते, बाप संतापतो, आणि हे सारे आपल्यामुळे झाले असे वाटून मूल म्हणते, ‘मी खोटं बोललो.’ घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपली म्हण. त्या मुठीत काय चिरडले जाते, ते मात्र म्हण सांगत नाही.

शब्दच नाहीत

आता भाषेकडे वळते. अंगणवाडीतील मुलांना शरीराची ओळख करून देताना आपण गाणे म्हणतो, बोट दाखवतो: डोळे, कान, नाक, हात, पोट. पोटानंतर बोट एकदम गुडघ्यावर येते. मधल्या भागाला जणू नावच नाही.

तसे शब्द मराठीत आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या पेट्यांत बंद आहेत. पहिली पेटी शिव्यांची. ती मुलाला गल्लीत आपोआप सापडते. दुसरी पेटी संस्कृतोद्भव शब्दांची. ती विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात उघडते आणि बाई तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देतात. तिसरी पेटी लाडाच्या शब्दांची. हे शब्द प्रत्येक घरात निराळे असतात आणि उंबऱ्याबाहेर कोणाला कळत नाहीत. म्हणजे एका पेटीतला शब्द उच्चारला तर मार बसतो, दुसऱ्यातला ठाऊक नसतो, आणि तिसऱ्यातला समोरच्याला समजत नाही. अशा अवस्थेत चार वर्षांचे मूल ‘मला तिथे बाऊ झाला’ एवढेच म्हणू शकते. आई म्हणते, ‘पडली असशील,’ आणि विषय मिटतो.

या अडचणीचे महत्त्व कायद्यालाही कळलेले आहे. २०१२ च्या बालक संरक्षण कायद्याच्या, म्हणजेच ‘पोक्सो’च्या, २६ व्या कलमानुसार मुलाचे निवेदन मूल जसे बोलेल तसेच नोंदवायचे असते, तेही आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेल्या अन्य कोणा व्यक्तीच्या उपस्थितीत. मुलाचे मोडकेतोडके शब्द इतके मोलाचे आहेत. तेव्हा ते शब्द त्याच्याजवळ असावेत, ही व्यवस्था कोणी करायची?

आम्ही सत्रांत असे करतो. आधी बाईंशी आणि आयांशी बोलतो. घरात जो शब्द वापरात असेल तो राहू द्यावा, पण त्याच्या जोडीला निदान एक सर्वांना समजेल असा शब्द मुलाला द्यावा. ‘शूची जागा’, ‘शीची जागा’, ‘छाती’ आणि ‘ओठ’ हे चार शब्द आम्ही वापरतो. मोठ्या वर्गात ‘खासगी अवयव’ म्हणतो. पहिल्या दिवशी मुले खुदखुदतात. आम्हीही त्यांच्याबरोबर हसून घेतो आणि गाणे पुढे चालू ठेवतो. दुसऱ्या दिवशी कोणी हसत नाही. ज्या शब्दाची लाज मोठ्यांना वाटत नाही, त्याची मुलांनाही वाटेनाशी होते, हा आमचा नित्याचा अनुभव.

खरे म्हणजे मराठीत ही वाट शंभर वर्षांपूर्वीच पाडली गेली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांनी मोठ्यांसाठी जे केले, ते लहानांसाठी करणे अद्याप बाकी आहे.

चांगला स्पर्श, वाईट स्पर्श

या विषयात ‘चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श’ हे शब्द आता बहुतेकांच्या कानावरून गेलेले असतात. ही कल्पना १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत रुजली. आपल्याकडे ती या विषयावर काम करणाऱ्या संस्थांनी आणली. चेन्नईची ‘तुलिर’ २००४ पासून, मुंबईची ‘अर्पण’ २००६ पासून हे काम करीत आहे. १३ मे २०१२ रोजी ‘सत्यमेव जयते’च्या दूरदर्शनवरील भागात आमीर खानने मुलांना समोर बसवून हाच पाठ दिला आणि तो घरोघरी पोचला.

तथापि ‘चांगला’ आणि ‘वाईट’ या शब्दांत एक खोट आहे. डॉक्टरांनी टोचलेली सुई दुखते, म्हणून तो स्पर्श वाईट का? उलट, फसवणारा माणूस आधी प्रेमाने जवळ घेतो, गुदगुल्या करतो, चॉकलेट देतो. त्यातले काही मुलाला आवडतेही. मग तो स्पर्श चांगला का? आणि मुख्य म्हणजे, आपल्याकडे ‘वाईट’ हे विशेषण कृतीला लागले की ते माणसाला चिकटायला वेळ लागत नाही. ‘माझ्याशी वाईट झालं, म्हणजे मी वाईट’ अशी मुलाची समजूत होते. यास्तव आता जाणकार ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द पसंत करतात. लहान मुलांसाठी आम्ही त्याचा एक साधा नियम करतो: ‘तुझ्या खासगी जागा कोणी बघायच्या नाहीत, हात लावायचा नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, आणि कोणी स्वतःच्या तुला दाखवायच्याही नाहीत. अंघोळ घालताना किंवा धुताना आई, आणि तपासताना डॉक्टर, तेही घरचं माणूस जवळ असताना, एवढीच सूट.’

हात कपड्यांवरून लागला तर? हा प्रश्न मोठ्यांच्या न्यायालयातही येऊन गेला आहे. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका निकालात त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नसेल तर पोक्सोचे लैंगिक हल्ल्याचे कलम लागत नाही, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा, कपडा नव्हे, असा निर्वाळा दिला. आम्ही मुलांना सांगतो, ‘कपड्यावरून असो की आतून, नियम तोच.’

टाइम प्लीज

नियम सांगणे सोपे. तो पाळण्याचे बळ देणे कठीण. एकदा दुसरीच्या वर्गात हे सारे सांगून झाल्यावर एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘ताई, पण ज्यांचं ऐकायचं असतं त्यांनाच नको म्हणायचं?’

सबंध विषयाची मेख त्या सात वर्षांच्या मुलाने एका वाक्यात पकडली होती. आपण मुलांना जन्मापासून काय शिकवतो? मोठ्यांचे ऐकावे. उलट उत्तर देऊ नये. ‘काका आलेत, पापा दे’, ‘आजोबांच्या मांडीवर बस’, ‘असं अंग चोरू नये, त्यांना काय वाटेल?’ मूल मान फिरवते, आणि आपण हसत हसत त्याला धरून पुढे करतो. यात कोणाच्या मनात पाप नसते, हे खरे. पण मूल त्यातून एक धडा घेते: माझ्या अंगावर माझ्यापेक्षा मोठ्यांचा हक्क अधिक आहे. तोच धडा पुढे कोणी गैरवापरण्यासाठी तयार मिळतो.

मी त्या मुलाला विचारले, ‘पकडापकडी खेळताना दमलास तर काय करतोस?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘टाइम प्लीऽज!’ मुठीला ओठ लावून कोणी ‘टाइम प्लीज’ म्हटले की ज्याच्यावर राज्य असेल त्याला थांबावेच लागते. मग तो कितीही मोठा, दांडगा असो. न थांबणाऱ्याला कोणी खेळायला घेत नाही. मुलांनी आपली आपण केलेली ही घटना आहे, आणि तिच्यात ‘नको’ म्हणणाऱ्याचा मान राखण्याचे तत्त्व अगदी पक्के आहे. तेव्हा मी सांगितले, ‘अभ्यास कर, दात घास, रस्त्यात पळू नको, हे मोठ्यांचं ऐकायचं. पण तुझ्या अंगाशी खेळ कोणी करत असेल, तर तिथे तुझी टाइम प्लीज चालते. समोर कोणीही असो.’ त्यानंतर आम्ही या सत्राची सुरुवातच त्या खेळाने करतो.

घरात हे शिकवायला सत्राची गरज नाही. गुदगुल्या करताना मूल ‘पुरे’ म्हणाले की त्याच क्षणी हात मागे घ्यावा. ते हसत असले तरीही. पाहुण्यांना पापा द्यायचा, हात मिळवायचा की लांबून नमस्कार करायचा, हे त्याला ठरवू द्यावे. आदर नमस्कारानेही होतो. आणि मुलाने दुसऱ्या मुलाची ‘टाइम प्लीज’ मोडली तर त्यालाही तितकेच ठामपणे थांबवावे. हा दुसरा भाग विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत विसरला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा गुन्हा कळवण्यातील दिरंगाईबद्दल न्यायालयाने कडक शब्द वापरलेच, पण मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्याची गरजही बोलून दाखवली.

गंमत, गुपित आणि पाच बोटे

अत्याचार करणाऱ्याचे मुख्य हत्यार म्हणजे गुपित. ‘हे आपल्या दोघांत. कोणाला सांगितलंस तर आई रागावेल, देव शिक्षा करील.’ म्हणून मुलांना गंमत आणि गुपित यांतला फरक दाखवावा लागतो. आईच्या वाढदिवसाला करायचे भेटकार्ड ही गंमत. तिला ठरलेला दिवस असतो. तो उजाडला की ती सर्वांना कळते आणि सर्वांना हसू येते. जे कधीच कोणाला सांगायचे नाही आणि जे आठवले की पोटात गोळा येतो, ते गुपित. गंमत सांभाळावी, गुपित सांगून टाकावे. तिसरी-चौथीच्या मुलांना हा फरक चटकन कळतो. हल्ली मोबाइलवरून होणाऱ्या ओळखींनाही हीच कसोटी लावता येते: जो कोणी फोटो मागतो आणि ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो, त्याचे नाव आधी घरी सांगायचे.

सांगायचे कोणाला? त्यासाठी आम्ही कागदावर मुलाचा पंजा ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवतो आणि प्रत्येक बोटावर एका विश्वासू मोठ्या माणसाचे नाव लिहवून घेतो. पाच नावांपैकी निदान एक घराबाहेरचे असावे, असा आग्रह धरतो. कारण उघड आहे. ‘पहिल्या बोटानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं नाही तर तिसऱ्याला. कोणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं.’ बोटे संपली तर एक नंबर: १०९८. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठीची ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालते. मुले ‘दहा-नऊ-आठ’ अशी उलटी गणती म्हणून नंबर पाठ करतात.

आणखी एक वाक्य आम्ही प्रत्येक सत्रात दोनदा म्हणतो: ‘तुला नको म्हणता आलं नाही, पळता आलं नाही, तरी ती तुझी चूक नाही.’ घाबरलेले मूल दगडासारखे थिजते, हा शरीराचा धर्म आहे. ‘नको म्हण, निघून जा, सांग’ एवढेच शिकवून थांबले, तर ज्याला हे जमले नाही ते मूल स्वतःलाच दोषी मानते.

आक्षेप

पालकसभेत दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘नको ते शिकवून मुलांची मने बिघडवता.’ दुसरा, ‘मुले सर्वांकडे संशयाने पाहतील, घाबरट होतील.’ त्यांना उत्तर अभ्यासातूनच मिळते. शाळांतील अशा शिक्षणाच्या २४ चाचण्यांचा, म्हणजे ५,८०२ मुलांचा, एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे ज्ञान आणि स्वसंरक्षणाची कौशल्ये वाढतात, ते ज्ञान काही महिने टिकते, आणि भीती वा चिंता वाढल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्याच आढाव्याने हेही नमूद केले की या शिक्षणामुळे प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात, असे सिद्ध झालेले नाही. हे वाक्य आपण प्रांजळपणे वाचले पाहिजे. पाच वर्षांचे मूल पन्नास किलो अधिक वजनाच्या माणसाला थोपवील, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मुलाला शब्द दिल्याने ते सांगू शकेल, कदाचित लवकर सांगेल. थोपवण्याचे काम मोठ्यांचे आहे. म्हणूनच मुलांच्या एका सत्रामागे शिक्षकांचे एक आणि पालकांचे एक अशी दोन सत्रे घ्यावीत, असे आम्हाला शिकवले गेले. २०२० च्या पोक्सो नियमांनी तर वयानुरूप वैयक्तिक सुरक्षेचे शैक्षणिक साहित्य तयार करण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवरच टाकली आहे.

मूल सांगते तेव्हा

आमच्या एका सत्रानंतर एका बालकाने आमच्यापैकी एकीला काही सांगितले. मुलगा की मुलगी, कोणते गाव, कितवीचा वर्ग, केव्हाची गोष्ट, हे मी लिहिणार नाही. पोक्सोच्या २३ व्या कलमाने मुलाचे नाव, घर, शाळा, शेजार, ज्यायोगे ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. आणि कायदा नसता तरी ते लिहू नये. एवढेच सांगते की आमची मैत्रीण त्या बालकाच्या हाताचे तिसरे बोट होती. पहिल्या बोटाने ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प केले होते. दुसऱ्याने हसण्यावारी नेले होते.

नंतर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा झाली, ती मी विसरणार नाही. ‘घरच्यांना बोलावून समज देऊ’, ‘शाळेचं नाव जाईल’, ‘मुलाचं पुढे कसं होणार?’ बोलणारी माणसे वाईट नव्हती. मुलाच्याच काळजीने बोलत होती. आमच्या प्राध्यापकांनी शांतपणे कायदा समजावून सांगितला. पोक्सोचे १९ वे कलम म्हणते की असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल, त्या कोणाही माणसाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. म्हणजे ‘कळवावे की न कळवावे’ हा प्रश्न आपल्यापुढे नाहीच. मुलाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने कसे कळवावे, एवढाच आहे.

आणि त्या बाबतीत कायदा पुष्कळ समंजस आहे. मुलाचे निवेदन त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचे असते. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये, अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते. त्या संध्याकाळी १०९८ ला फोन गेला, आणि पुढचे सारे रीतीप्रमाणे झाले. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पाठपुरावा करावा लागला, हेही खरे.

त्या मैत्रिणीने तेव्हा जे केले, ते आपण सर्वांनी शिकून ठेवण्यासारखे आहे. तिने मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले. ‘आधी का नाही सांगितलंस?’ किंवा ‘नक्की का?’ असे विचारले नाही. खोदून खोदून तपशील काढला नाही, कारण ते काम जाणकारांचे. सूचक प्रश्नांनी मुलाचे शब्द गढूळ होतात. ‘कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन दिले नाही. तिने चारच वाक्ये म्हटली: ‘बरं झालं सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही. आता आपल्याला मदत करतील अशा मोठ्या माणसांना मी हे सांगणार आहे.’ नंतर मुलाने जे शब्द वापरले, ते तसेच्या तसे वहीत उतरवून त्यावर तारीख आणि वेळ घातली.

आपल्यासाठी

मित्रहो, या कामाला फार मोठी साधने लागत नाहीत. कागद, पेन्सिल, एखादी कापडी बाहुली आणि लाज न वाटणारा आवाज एवढे पुरते. पुढील वर्षी आपल्या महाविद्यालयाभोवतीच्या सर्व अंगणवाड्यांपर्यंत पोचण्याचा आमचा मानस आहे, आणि त्यासाठी विशेषतः मुलग्यांनी पुढे यावे, अशी विनंती आहे. हा ‘बायकांचा विषय’ आहे असे वर्गातल्या मुलांना वाटू नये, आणि शोषण सोसणाऱ्या मुलग्यालाही आपले ऐकणारा कोणी दादा आहे हे दिसावे, म्हणून.

ज्यांना वेळ नसेल त्यांनी घरीच आरंभ करावा. सुट्टीत बहिणीची मुले येतील. त्यांतले एखादे पापा द्यायला मान हलवील, तेव्हा त्याला धरून ओढू नये. ‘बरं, मग टाळी दे’ म्हणावे. आणि कधी एखाद्या मुलाने आपल्या घरातल्याच, आपल्याला प्रिय असलेल्या माणसाचे नाव घेऊन काही सांगितले, तर त्या क्षणी त्या मुलाच्या पंजावर आपण कितवे बोट आहोत ते आपल्याला ठाऊक नसते. आपल्या आधी दोघांनी त्याला गप्प केलेले असेल. आपण ऐकावे.